समोरच्या घरचं कर्नेल

गुरुजींच्या कानातली यंत्रं सोमवारी सकाळपासून माणसांऐवजी बशा ऐकू लागली.

बशी, चमचा, दाराची कडी, सरकवलेली खुर्ची, प्रत्येक आवाज कानात असा घुमायचा की गुरुजी दचकून उभे राहायचे. माणसांचा आवाज मात्र उशीखाली दाबून ठेवल्यासारखा यायचा. बशा कमी कर, माणसं वाढव, हे यंत्रांना सांगायचं ते फोनमधल्या एका अ‍ॅपमधून. आणि त्या अ‍ॅपने सोमवारी पडद्यावर एकच ओळ लिहून अंग काढून घेतलं होतं: ‘तुमचा फोन जुना झाला आहे. कृपया नवा घ्या.’

मुलाने वर्तमानपत्राची सुरळी केली, तिचं एक तोंड वडिलांच्या कानाला लावलं आणि दुसऱ्यातून म्हणाला, “बाबा, आज मागवला तर पुढच्या सोमवारी येईल नवा.”

“आणि शुक्रवार?” गुरुजी म्हणाले.

शुक्रवारी चार वाजता नातीच्या शाळेत नाटक होतं. नात दहा वर्षांची, आवाज इतका बारीक की हजेरी देऊनही ती वर्गात गैरहजर लागायची. म्हणून बाईंनी तिला झाड केलं होतं. अशी पाच झाडं होती, त्यातलं एकच झाड बोलणार होतं, आणि ते झाड म्हणजे ती. वाक्य एकच: ‘मी इथेच उभं आहे. शंभर वर्षांत एक पाऊलही हललेलं नाही.’ वाक्यं दोन आहेत असं आजीने दाखवून दिलं होतं, पण घरात सगळे त्याला एकच म्हणत.

गुरुजींना ते वाक्य ऐकायचं होतं, बस. चाळीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या मुलांची वाक्यं ऐकली होती.

“शिवाय फोनला झालंय काय?” ते म्हणाले. “पडदा चांगला, बॅटरी चांगली. अभ्यासक्रम बदलला म्हणून मुलाला कोणी शाळेतून काढून टाकतं का? त्याला नवा अभ्यासक्रम शिकवतात.”

नातीने सुरळीतून काहीतरी सांगितलं. तिच्या बाबतीत सुरळीतून नुसता वारा यायचा. मग तिने पाटी घेतली आणि लिहिलं, ‘खालच्या ताई शिकवतात. फोनला.’

खालच्या ताई म्हणजे तळमजल्यावरची मोबाईल दुरुस्तीवाली. तिच्या दुकानात एक टेबल, एक भिंग, एक दिवा आणि भिंतीवर एक पाटी होती: ‘मी काय करणार आहे ते आधी तुम्ही मला सांगा.’ हा तिचा शिरस्ता होता. फोनच्या मालकाने तिच्या कामाचा अर्थ स्वतःच्या तोंडाने सांगितल्याशिवाय ती फोनला बोट लावत नसे. त्यामुळे तिच्याकडे गिऱ्हाइकं कमी आणि अभ्यास करत बसलेली माणसं जास्त असायची. मंगळवारी दुपारी गुरुजी गेले तेव्हाही एक टॅक्सीवाला स्टुलावर बसून चार्जिंगच्या भोकाविषयी मनातल्या मनात पाठ करत होता.

“गुरुजी, ओळखलं का?” तिने सुरळीतून विचारलं. “तुमच्याच वर्गात होते मी. शेवटच्या बाकावर. उत्तर पाठ करून म्हटलं की तुम्ही म्हणायचात, हे पुस्तकाचं झालं, आता तुझं सांग. सांगेपर्यंत उभं ठेवायचात.”

“सांगितलंस का मग?”

“दुसऱ्या दिवशी. पहिल्या दिवशी घंटा झाली.”

तिने फोन उलटसुलट पाहिला आणि पुन्हा गुरुजींच्याच हातात दिला. “ऐका. फोनमध्ये कॅमेरा आहे, माइक आहे, स्पीकर आहे, बॅटरी आहे. अ‍ॅपला यातल्या कशालाही थेट हात लावता येत नाही. प्रत्येक वेळी मागावं लागतं. कोणाकडे? कर्नेलकडे. ते सगळ्यांच्या मधोमध बसलेलं असतं. आणि फोन कसा चालवायचा याची जी सगळी घडी कंपनीने आत बसवलेली असते, ते फर्मवेअर. कर्नेल त्या घडीचा अगदी आतला भाग. कळतंय?”

“कळतंय,” गुरुजी म्हणाले. विद्यार्थी ज्या सुरात हे म्हणतात तो सूर त्यांना चाळीस वर्षं ठाऊक होता. आज तो स्वतःच्या तोंडून निघाल्यावर त्यांचे कान तापले.

“तुमच्या फोनसाठी नवी घडी पाठवणं कंपनीने थांबवलंय. पण काही हौशी मंडळी असतात, ती जुन्या फोनसाठी आपल्या हाताने नवी घडी तयार करतात. कर्नेलसकट. ती मी आत बसवणार. त्याआधी दारवानाला मनवावं लागतं. फोन सुरू होताना सगळ्यात आधी तो जागा होतो. त्याला बूटलोडर म्हणतात. कंपनीचा शिक्का नसलेलं तो काहीच आत सोडत नाही. त्याचं कुलूप काढता येतं, पण मग तो आतलं सगळं पुसून टाकतो.”

“का बरं?”

“चोराने कुलूप काढलं तर त्याच्या हाती काही लागू नये म्हणून. त्यामुळे आधी सगळ्याची एक प्रत बाहेर काढून ठेवायची. आता सांगा, मी काय करणार?”

गुरुजी उभे राहिले. कर्नेल, घडी, दारवान, प्रत हे चारही शब्द त्यांना पाठ होते. पण ते कसे जुळतात ते सांगायला तोंड उघडलं आणि आत काहीच नव्हतं. टॅक्सीवाला त्यांच्याकडे सहानुभूतीने बघत होता.

“हे पुस्तकाचं झालं,” ती सुरळीतून हळूच म्हणाली. “उद्या या.”

गुरुजींची एक पद्धत होती. न कळणारी गोष्ट ते वर्गात मुलांकडून करून घेत. एक मुलगा सूर्य, एक मुलगी पृथ्वी, आणि फिरा. त्याच संध्याकाळी त्यांनी घरच्यांना बाहेरच्या खोलीत बोलावलं.

“आपलं घर म्हणजे फोन,” ते म्हणाले. “सूनबाई, तू बॅटरी.”

सून नुकतीच कामावरून आली होती. “सकाळी असते,” ती म्हणाली. “आता दोन टक्के आहे.” आणि सोफ्यावर आडवी झाली.

मुलगा स्पीकर झाला. त्याला सांगितल्याशिवाय तो बोलत नसे आणि बोलला की शेजाऱ्यांना ऐकू जाई, म्हणून निवड बिनविरोध झाली. नात अ‍ॅप. आजीला त्यांनी मधोमध खुर्चीवर बसवलं. “तू कर्नेल. कोणालाही काहीही हवं असेल तर तुझ्याकडे मागायचं.”

“मग आजपर्यंत काय करत होते?” आजी म्हणाली. आजीचा आवाज ऐकायला गुरुजींना यंत्र लागत नसे, सुरळीही नाही.

“आणि तुम्ही कोण?” स्पीकरने विचारलं.

“मी वापरणारा.”

“तेही आम्हाला नवीन नाही,” आजी म्हणाली.

खेळ छान चालला. नातीने बिस्किट मागितलं, कर्नेलने डबा कुठे आहे ते न सांगता बिस्किट आणून दिलं. गुरुजी खूश झाले आणि इथेच थांबले असते तर बरं झालं असतं. पण शिकवणाऱ्याला चेव चढला की तो धड्याच्या पुढे जातो. दारवानाचं कुलूप काढलं की घर रिकामं होतं, हे त्यांना करून बघायचं होतं. त्यांनी दार सताड उघडलं आणि खुर्च्या बाहेरच्या व्हरांड्यात नेऊन ठेवायला सुरुवात केली. मग तिपाई, मग चपलांचं कपाट. वरच्या मजल्यावरचा गृहस्थ जिन्यातून उतरता उतरता थांबला, “घर सोडताय होय,” म्हणाला, आणि कपाट कितीला देणार ते विचारू लागला.

तोवर समोरचं दार उघडायचा प्रयत्न झाला, पण ते खुर्चीला अडलं. फटीतून समोरच्या आजींचं तोंड दिसलं. समोरच्या आजी इकडच्या आजीच्याच वयाच्या. घर तेवढंच, खोल्या तेवढ्याच. सून, मुलगा, नातू, सगळं सारखं. त्या फटीतून अंग चोरून बाहेर आल्या आणि अडलेल्या खुर्चीवरच बसल्या.

“काय चाललंय?”

नातीने पाटीवर लिहून दाखवलं. समोरच्या आजींनी चष्मा पुसून ते दोनदा वाचलं.

“म्हणजे मी पण कर्नेलच की,” त्या म्हणाल्या. “तेवीस वर्षं.”

गुरुजींच्या डोक्यात तिथेच कल्पना शिजली. दुकानातली परीक्षा उद्या, बुधवारी नको, गुरुवारी देऊ. मधल्या एका दिवसात कर्नेल बदलून बघू. इकडची आजी तिकडे, तिकडची इकडे. घरं सारखीच. एका कर्नेलच्या जागी दुसरं बसवलं तर काय होतं, ते डोळ्यांनी दिसेल.

त्यांना वाटलं होतं, आजी फणकारेल. आजी काही न बोलता आत गेली आणि उशी, चष्मा, गुडघ्याचं तेल पिशवीत भरून बाहेर आली. इतक्या चटकन भरलेली पिशवी गुरुजींनी तिच्या हातात पूर्वी कधी पाहिली नव्हती.

“अगं, एकच दिवस आहे,” ते म्हणाले.

“बघू,” आजी म्हणाली, आणि समोरचं दार आतून लागलं.

घरं सारखी होती, पण एक गोष्ट गुरुजींच्या लक्षात आली नव्हती. ती समोरासमोर होती. आरशातल्यासारखी. तिकडे स्वयंपाकघर डाव्या हाताला होतं, इकडे उजव्या. तिकडे न्हाणीघर उजव्या हाताला, इकडे डाव्या.

बुधवारी सकाळी समोरच्या आजी दुधाचं पातेलं घेऊन सवयीने डावीकडे वळल्या आणि न्हाणीघरात दाढी करणाऱ्या मुलासमोर उभ्या राहिल्या. “इथं गॅस होता,” त्या म्हणाल्या. मुलगा स्पीकर होता, सांगितल्याशिवाय बोलायचं नव्हतं, त्यामुळे तो साबणासकट गप्प राहिला. दुपारी नातीने दिवा मागितला, तर पंखा लागला. पंखा मागितला, तर समोरच्या घराची घंटा वाजल्यासारखा काहीतरी आवाज झाला. सुनेचा डबा चपलांच्या कपाटात मिळाला, कारण तिकडे त्या भिंतीला फडताळ होतं. समोरच्या आजी कामाला वाघ होत्या, एक क्षण बसत नव्हत्या. आणि त्या जितकं जास्त काम करत, तितकं घर जास्त बिघडत होतं.

खरी पाचावर धारण बसली ती गुरुवारी सकाळी.

समोरच्या आजींच्या घरी सकाळचा एक क्रम होता. आधी गीझर, मग मुलगा उठवायचा, मग सून, मग नातवंड, आणि मग चहा. त्या क्रमात एक जरी गोष्ट चुकली तरी पुन्हा पहिल्यापासून. त्यांनी सहा वाजता गीझरचं बटण दाबलं, म्हणजे त्यांच्या घरी जिथे गीझरचं बटण असतं तिथलं बटण दाबलं, आणि सगळ्यांना उठवलं. मुलगा नळाखाली उभा राहिला. पाणी गार होतं.

“चुकलं,” समोरच्या आजी शांतपणे म्हणाल्या. “सगळे परत झोपा. पहिल्यापासून.”

सगळे झोपले. सवा सहाला पुन्हा बटण, पुन्हा उठवणं. पाणी गार. “झोपा.” साडेसहाला सून म्हणाली, “आजी, मला गार पाणी चालेल,” पण क्रम म्हणजे क्रम. पाचव्यांदा उठून पाचव्यांदा पांघरूण ओढून घेताना मुलाची कामावरची गाडी निघून गेली होती आणि नात पांघरुणात शिरूनच पाटीवर लिहीत होती: ‘मला उद्यापर्यंत शाळेत पोचायचं आहे.’

गुरुजींचं धाबं दणाणलं. शुक्रवार एका दिवसावर आला होता, फोन तसाच होता, आणि आता घरही चालू होत नव्हतं. ते पांघरुणातून गुपचूप निसटले आणि समोरच्या दाराशी गेले.

आजी तिकडच्या बाहेरच्या खोलीत तिपाईवर पाय टाकून वर्तमानपत्र वाचत होती. ते वर्तमानपत्र सुरळी न झालेलं, सपाट होतं.

“बरं चाललंय का?” गुरुजींनी विचारलं.

“झकास. इथं मला कोणी काही विचारत नाही, कारण मला इथलं काही माहीतच नाही. काल त्यांच्या मुलाने चहा स्वतः केला. मला पण दिला.”

“गीझरचं बटण कुठलं?”

आजीने चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं. “किती वर्षं राहताय त्या घरात?”

“एकतीस.”

“घंटेचं आहे ना, दाराजवळ? तेच गीझरचं. बसवणाऱ्याने तारा अदलाबदल केल्या तेव्हापासून. ते दाबायचं आणि दिवा लागेपर्यंत दुसरं काही लावायचं नाही, नाहीतर सगळंच जातं. न्हाणीतला नळ उलटा फिरतो. फ्रिजचं दार आधी वर उचलायचं, मग ओढायचं. तुमच्या मुलाला एकदाच हाक मारायची. दुसऱ्यांदा हाक नाही, नुसता पंखा बंद करायचा. सूनबाईशी पहिला चहा होईपर्यंत बोलायचं नाही. चिमणीला दप्तर कुठाय विचारायचं नाही, पाणी पिलंस का विचारायचं. मग दप्तर आपोआप सापडतं.”

“थांब, थांब,” गुरुजी म्हणाले. त्यांनी खिशातून वही काढली. आजी सांगत गेली, ते लिहीत गेले. वरची खिडकी, गॅसची खालची चावी, त्यांचं स्वतःचं औषध, जे ते घेतलं म्हणून सांगतात आणि कुंडीत टाकतात, तेही त्यात होतं. अकरा पानं भरली. बाराव्या पानावर त्यांचा हात थांबला.

“तुला हे सगळं पाठ आहे?”

“पाठ कशाला करायला हवं? प्रत्येकाची खोड असते, ती सांभाळायची. वस्तूची काय आणि माणसाची काय.”

गुरुजींनी अकराही पानं मागे उलटून पाहिली. मग वही बंद करून म्हणाले, “घरी चल. मला कळलं.”

“काय कळलं?”

त्यांनी सांगितलं. काय सांगितलं ते तिथल्या तिपाईलाच माहीत, पण ते पुस्तकातलं नसावं, कारण आजीने वर्तमानपत्राची घडी घातली आणि पिशवी उचलली. पिशवी भरायला मात्र तिने या वेळी बराच वेळ घेतला.

त्याच दुपारी गुरुजी दुकानात जाऊन हात मागे बांधून उभे राहिले. नात सोबत होती. दुरुस्तीवालीने भिंग खाली ठेवलं.

“कर्नेल म्हणजे मधे बसलेला अधिकारी नव्हे,” गुरुजी म्हणाले. “ज्याला घरातल्या प्रत्येक वस्तूची खोड माहीत असते, ते कर्नेल. मागणारा म्हणतो, गरम पाणी. त्याला तेवढंच माहीत. ते पाणी मिळवायला घंटेचं बटण दाबावं लागतं हे फक्त कर्नेलला माहीत. म्हणून एका घरचं कर्नेल दुसऱ्या घरी चालत नाही, घरं कितीही सारखी दिसली तरी. ते बिचारं मन लावून काम करतं आणि सगळं उलटं होतं. सुरू होता होता घर परत झोपतं.”

“त्याला बूट लूप म्हणतात,” ती म्हणाली. तिचे डोळे चमकले होते. “फोन असाच करतो. चालू होतो, अडतो, परत पहिल्यापासून.”

“म्हणून जुनं पुसायच्या आधी त्याचं सगळं लिहून घ्यायचं. मी ते नंतर लिहून घेतलं. ती माझी चूक.” त्यांनी वही टेबलावर ठेवली. “तू माझ्या फोनची प्रत काढणार, दारवानाचं कुलूप काढणार, आणि याच फोनच्या खोडी जाणणारं नवं कर्नेल, नव्या घडीसकट, आत बसवणार.”

स्टुलावर बसलेल्या टॅक्सीवाल्याने टाळी वाजवली. त्याची परीक्षा अजून व्हायची होती.

“पास,” दुरुस्तीवाली सुरळीतून म्हणाली. “एकच राहिलं. तुमच्या फोनला एक जुळी बहीण आहे. कंपनीने एकदमच काढलेली. दिसायला अगदी हुबेहूब, पण आत दोन माइक उलट बाजूंना आहेत. म्हणून मॉडेलचा नंबर पक्का हवा. नंबर सांगा.”

गुरुजींनी फोन उलटा केला आणि मागच्या झाकणावरचा नंबर हजेरी घ्यावी तसा खणखणीत वाचला. दुसऱ्या कोणी वाचला असता तर तिने तो फोनच्या आत शिरून ताडून पाहिला असता. पण गुरुजींनी वाचलेलं तपासायचं नाही, ही तिची शेवटच्या बाकावरची सवय होती. तिने तो लिहून घेतला.

शुक्रवारी साडेतीनला फोन तयार झाला. पडदा नवा कोरा दिसत होता, अ‍ॅपने मुकाट्याने दार उघडलं. फोन मांडीवर आडवा ठेवायचा, तो दोन टोकांच्या दोन माइकांनी ऐकतो आणि डावीकडचं डाव्या कानात, उजवीकडचं उजव्या कानात सांगतो, असं तिने समजावलं. समोर उभी राहून विचारलं, “येतंय ऐकू?” गुरुजींना आठवडाभरात पहिल्यांदा आजीखेरीज दुसरं माणूस सुरळीशिवाय ऐकू आलं. त्यांनी मान हलवली आणि धोतर सावरावं तशी घाईघाईने विजार सावरत शाळेची वाट धरली.

पहिल्या रांगेत मधोमध ते आणि आजी बसले. पडदा उघडला. रंगमंचावर पाच झाडं ओळीने उभी होती. सगळ्यांच्या अंगावर तपकिरी पोतं आणि तोंडासमोर हिरव्या कागदाची पानं. कोण कुठलं ते त्यांच्या आयांनाही कळत नव्हतं. एक लाकूडतोड्या पुठ्ठ्याची कुऱ्हाड घेऊन आला आणि एका कडेला थांबला.

“मी इथेच उभं आहे,” एक बारीक आवाज आला.

आवाज कापसाच्या धाग्याएवढा होता, पण आला. थेट डाव्या कानात आला. त्यांनी डावीकडच्या शेवटच्या झाडाकडे पाहिलं आणि ओठ कानापर्यंत ताणून हसले. दोन्ही हातांनी त्या झाडाला खूण केली. झाडाने पानांतून काहीच उत्तर दिलं नाही. ते झाड वाण्याचा मुलगा होता.

उजव्या टोकाचं झाड मात्र अस्वस्थ झालं. ते आपल्या जागेवरून हललं आणि हळूहळू डावीकडे चालू लागलं.

“शंभर वर्षांत एक पाऊलही हललेलं नाही,” आवाज आला, थोडा मोठा.

कुणाचं तरी बेशिस्त पोर, गुरुजींच्या मनात आलं. त्यांनी त्या चालत्या झाडाकडे कानाडोळा केला. नात एका जागी उभी राहणार होती, तिने घरी तासन् तास सराव केला होता. त्यांचं सगळं लक्ष आवाजाकडे होतं. पण आवाज आता डाव्या कानातून सरकत सरकत उजव्यात यायला लागला. गुरुजींनी मान उजवीकडे वळवली. तिथे झाडच उरलं नव्हतं, नुसती फळी होती.

चालतं झाड डाव्या टोकाला पोचलं, त्याने गुरुजींकडे पाहिलं, ते भलतीकडे बघताहेत हे त्याला दिसलं, आणि ते पुन्हा उजवीकडे निघालं.

“मी इथेच उभं आहे,” ते म्हणालं. आता आवाज तिसऱ्या रांगेपर्यंत गेला. सभागृहात खसखस पिकली. बाई पडद्यामागून हातवारे करत होत्या.

झाड उजवीकडे चाललं होतं आणि आवाज डावीकडे. गुरुजींच्या डोळ्यांसमोर एकदम समोरच्या आजी उभ्या राहिल्या, हातात दुधाचं पातेलं घेऊन न्हाणीघरात शिरणाऱ्या.

“अगं,” ते आजीच्या कानाशी लागले, “माझ्या फोनचं झाकण कुठलं आहे?”

“माझ्या जुन्या फोनचं,” आजी म्हणाली. “तुमचा जिन्यावरून पडला तेव्हा तुम्हीच काढून बसवलंत. दिसायला सारखंच आहे म्हणालात.”

“म्हणजे मी जुळ्या बहिणीचा नंबर वाचला,” म्हणत गुरुजींनी कपाळावर हात मारला. मग मांडीवरचा फोन उचलला, त्याची टोकं अदलाबदल केली आणि पुन्हा ठेवला.

आवाज आणि झाड एकमेकांना येऊन मिळाले. रंगमंचाच्या बरोबर मधोमध, पानांच्या फटीतून दोन डोळे त्यांच्याकडे बघत होते. गुरुजींनी हात वर केला नाही, खूण केली नाही, नुसतं बघितलं. झाड थांबलं.

“शंभर वर्षांत,” ते म्हणालं, आणि आता ते शेवटच्या रांगेत, दाराबाहेर, खाली फाटकाशी उभ्या असलेल्या रखवालदारालाही ऐकू गेलं, “एक पाऊलही हललेलं नाही.”

लाकूडतोड्या कुऱ्हाड खांद्यावर घेऊन इतका वेळ वाट बघत होता. त्याने पाठ केलेलं एकच वाक्य होतं, आणि त्याला दुसरं सुचणं शक्य नव्हतं.

“किती शांत झाड आहे हे,” तो म्हणाला.

ते गुरुजींना बरोबर ज्या बाजूने म्हटलं गेलं त्याच बाजूने ऐकू आलं, आणि त्या बाजूला बघून त्यांनी जोरात टाळ्या वाजवल्या.